विश्लेषण : थायरॉईडच्या साध्या गाठीचा पुढे कॅन्सर होतो का?

हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये गळ्याची सोनोग्राफी होते, रिपोर्टमध्ये 'नोड्यूल' हा शब्द येतो आणि घरात रात्रभर गुगल सुरू होते. त्यात आधीपासून थायरॉईडची गोळी चालू असेल, तर भीती दुप्पट.

संबंध दिसतो, हे खरे आहे. डेन्मार्कमधील राष्ट्रीय आरोग्य नोंदींवर आधारित अभ्यासात थायरॉईडचे साधे विकार असलेल्यांमध्ये पुढे थायरॉईड कॅन्सरचे निदान जास्त आढळले. पण 'निदान जास्त' आणि 'कॅन्सर जास्त' यांत फरक आहे, आणि मथळ्यांमध्ये तो हमखास हरवतो. ज्याला थायरॉईडचा त्रास आहे, त्याच्या गळ्याची तपासणी वारंवार होते. शोध जास्त, तर सापडणेही जास्त. इतर कारणांनी मृत्यू झालेल्यांच्या शवविच्छेदनातही थायरॉईडमध्ये बारीक कॅन्सर सापडतात, ज्यांचा त्या व्यक्तीला आयुष्यभर पत्ताही नसतो.

दक्षिण कोरियाने याची मोठी किंमत मोजली. तिथे १९९९ पासून इतर कॅन्सरसाठी सरकारी तपासणी मोहीम सुरू झाली आणि थोडे पैसे जादा घेऊन रुग्णालये थायरॉईडची सोनोग्राफीही करू लागली. २०११ मध्ये थायरॉईड कॅन्सरचे प्रमाण १९९३ च्या १५ पट झाले. एका वर्षात ४० हजारांहून अधिक रुग्ण! मृत्यूंचे प्रमाण मात्र जिथल्या तिथे राहिले. बहुतेकांवर शस्त्रक्रिया झाली. अनेकांना आयुष्यभराची गोळी लागली, काहींचा आवाज गेला. २०१४ मध्ये तिथल्याच डॉक्टरांनी याविरुद्ध जाहीर आवाज उठवल्यावर शस्त्रक्रिया झपाट्याने घटल्या.

आपल्याकडे 'फुल बॉडी' पॅकेजच्या जाहिराती पाहता हा धडा अजून पोहोचलेला दिसत नाही. काही त्रास नसताना गळ्याची सोनोग्राफी करून घेण्यात शहाणपणा नाही. अमेरिकेच्या तज्ज्ञगटानेही २०१७ मध्ये लक्षणे नसलेल्यांची अशी तपासणी करू नये, असेच सांगितले.

याचा अर्थ गाठीकडे दुर्लक्ष करा, असा नाही. गाठ टणक असेल, भराभर वाढत असेल, आवाज बसला असेल, गिळताना अडत असेल, लहानपणी मानेला रेडिएशन दिलेले असेल किंवा घरात कुणाला हा कॅन्सर झाला असेल, तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. एरवी बहुतांश गाठी साध्याच निघतात. एक सेंटिमीटरपेक्षा लहान गाठीत सहसा सुई घालून तपासणीही करत नाहीत. काही महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करून ती वाढली का, एवढेच पाहतात. आणि थायरॉईडची गोळी? ती कॅन्सरच्या भीतीने स्वतःहून बंद करू नये.