‘ख्रिस्तवासी’ म्हणजे काय?



वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता आपण सगळेच वाचतो. हिंदू माणूस वारला की त्याच्या नावामागे कैलासवासी किंवा वैकुंठवासी लागते. मुसलमान असेल तर पैगंबरवासी, ख्रिस्ती असेल तर ख्रिस्तवासी आणि आपल्या समाजातला असेल तर कालकथित. मरण सगळ्यांचे सारखेच. श्वास थांबतो, अंग गार पडते. पण गेलेला माणूस कुठे गेला असे मागच्यांना वाटते, ते या एकेका शब्दात आलेले असते. आपला शब्द तेवढा वेगळा आहे. तो कुठे गेला हे सांगत नाही, त्याचा काळ झाला एवढेच सांगतो.

हा विषय काढण्याचे कारण एका भगिनीने केलेली विचारणा. त्यांच्या यजमानांबरोबर खोपोलीच्या कारखान्यात वीस वर्षे काम केलेले एक ख्रिस्ती गृहस्थ वारले. हे कुटुंब अंत्यविधीला गेले. फादरांनी प्रार्थना म्हटली, सगळ्यांनी खड्ड्यात मूठमूठ माती टाकली, यांनीही टाकली. घरी आल्यावर धाकट्या मुलाने विचारले, “काका पुन्हा उठणार आहेत असे फादर म्हणाले, ते खरे का?” आणि वस्तीतल्या एका वडीलधाऱ्यांनी विचारले, “आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे. त्यांच्या प्रार्थनेत तुम्ही उभे कसे राहिलात?” दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत. आमचे भिसेगाव कर्जत स्टेशनाला लागून. रेल्वेमुळे आणि कारखान्यांमुळे नाना धर्मांची माणसे या पट्ट्यात शेजारी आली आहेत. म्हणून या प्रश्नांची उत्तरे सगळ्यांसमोर दिलेली बरी.

आधी मुलाचा प्रश्न. ख्रिस्ती धर्माचा सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा आहे. येशूला शुक्रवारी क्रूसावर मारले आणि रविवारी तो कबरेतून उठला, अशी त्यांची श्रद्धा आहे. शुक्रवार तो गुड फ्रायडे आणि रविवार तो ईस्टर. जसा येशू उठला तसेच जगाच्या शेवटच्या दिवशी सगळे मेलेले उठतील, त्यांचा न्याय होईल आणि मग कोणाला सार्वकालिक जीवन तर कोणाला नरक, असे ते मानतात. केवळ आत्मा अमर आहे एवढेच त्यांचे म्हणणे नाही. शरीरही उठणार, हे त्यांच्या रोजच्या विश्वासाच्या कबुलीतच आहे. म्हणून प्रेत पुरायचे, त्यावर क्रूस आणि नाव लावायचे. मृत्यूला ते झोप म्हणतात. कबर म्हणजे त्यांच्या लेखी विसाव्याची जागा. पुढे कोणी हाक मारणार आहे, तोवरची.

पण सगळे ख्रिस्ती एकाच मताचे नाहीत, हे ध्यानात ठेवा. आपल्याकडे वसई, मुंबई आणि गोव्याचे ख्रिस्ती बहुतेक कॅथलिक. नगर, जालना भागातले पुष्कळसे प्रॉटेस्टंट. कॅथलिक मानतात की स्वर्गाला जाण्याआधी बहुतेकांना एका शुद्धीच्या अवस्थेतून जावे लागते आणि मागच्यांनी केलेल्या प्रार्थनेचा त्यांना उपयोग होतो. म्हणून त्यांच्यात सातव्या दिवसाचा, महिन्याचा आणि वर्षाचा मिस्सा असतो. 2 नोव्हेंबर हा सर्व मृतांचा दिवस. त्या दिवशी वसईच्या दफनभूमी फुलांनी आणि मेणबत्त्यांनी भरून जातात. प्रॉटेस्टंटांना ही शुद्धीची अवस्था मान्य नाही. बायबलात तिला पुरेसा आधार नाही, मेल्यावर माणूस आपल्या विश्वासावर देवापुढे उभा राहतो, मागच्यांनी त्याच्यासाठी काही करण्याजोगे उरत नाही, असे ते म्हणतात. त्यांची प्रार्थना मेलेल्यासाठी नसून मागे राहिलेल्यांच्या धीरासाठी असते.

या कल्पना मराठीत आणताना धर्मोपदेशकांची बरीच तारांबळ उडाली असणार. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यात आला, मराठी शिकला आणि त्याने ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ लिहिले. ते 1616 साली छापले गेले. त्यात स्वर्गासाठी त्याने चक्क वैकुंठ हा शब्द वापरला. ऐकणाऱ्याला जो शब्द ठाऊक, त्याच शब्दातून नवी गोष्ट सांगायची. ‘ख्रिस्तवासी’ हा शब्दही कैलासवासीच्याच साच्यातला आहे.

दुसरे नाव रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. रत्नागिरी जिल्ह्यात करजगावला 1861 साली जन्मलेला हा चित्पावन ब्राह्मण 1895 मध्ये ख्रिस्ती झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ आपल्यापैकी पुष्कळांनी वाचले असेल. नसेल तर वाचनालयातून आणून घरातल्या मुलींना जरूर वाचायला द्या. टिळक 9 मे 1919 रोजी मुंबईला जे. जे. रुग्णालयात वारले. त्या काळी ख्रिस्ती माणसाने पुरणे हाच रिवाज असताना टिळकांचे त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन झाले आणि रक्षा अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) नेण्यात आली. धर्म बदलला म्हणून देशाची रीत टाकली पाहिजे असे नाही, हे त्यांचे आयुष्यभराचे म्हणणे. शेवटीही ते त्याला धरून राहिले.

कॅथलिक चर्चला हे मान्य व्हायला 1963 साल उजाडले. त्या वर्षी दहनावरची बंदी उठली. जो देव मातीत मिसळलेल्याला उठवू शकतो, तो राख झालेल्यालाही उठवू शकतो, हा त्यामागचा विचार. 2016 मध्ये मात्र व्हॅटिकनने स्पष्ट केले की रक्षा वाऱ्यावर किंवा पाण्यात सोडू नये, घरातही ठेवू नये, पवित्र जागी ठेवावी. कारण पुन्हा तेच. मेलेल्याला जागा आणि नाव असले पाहिजे.

धर्माच्या चौकटीतही माणुसकीपुढे नियम नमतात, याची आणखी दोन उदाहरणे आहेत. ज्याने आत्महत्या केली त्याला चर्चचा अंत्यविधी नाकारावा, असा कॅथलिकांच्या 1917 च्या कायद्यात नियम होता. 1983 च्या नव्या कायद्यात तो राहिला नाही. तसेच बाप्तिस्मा होण्याआधी बाळ दगावले तर ते स्वर्गात जात नाही, ‘लिंबो’ नावाच्या जागी राहते, असे शतकानुशतके शिकवले जाई. पोर गमावलेल्या आईच्या जिवाला हे ऐकून काय वाटत असेल! 2007 मध्ये व्हॅटिकनच्या धर्मपंडितांच्या आयोगाने सांगितले की अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला सबळ कारणे आहेत. त्याआधी किती आया ते दुःख पोटात घालून गेल्या असतील.

मग मुलाला काय सांगायचे? “काका उठतील असे त्यांच्या घरची माणसे मानतात. आपण तसे मानत नाही.” एवढे सांगितले तरी पुरे. त्यांच्या श्रद्धेची टिंगल नको आणि आपले मत लपवणेही नको. मुलगा थोडा मोठा असेल तर दोन गोष्टी शेजारी ठेवून सांगाव्यात. बायबलात मार्था आणि मरिया या बहिणींचा भाऊ लाजर मरतो. चार दिवसांनी येशू येतो, त्याच्या कबरेकडे जाताना रडतो आणि मग हाक मारून त्याला उठवतो. आपल्याकडे किसा गोतमी मेलेले मूल कडेवर घेऊन तथागतांकडे येते. तथागत तिला म्हणतात, ज्या घरात कोणी मेलेले नाही अशा घरातून मूठभर मोहरी आण. ती दारोदार फिरते, मोहरी सगळीकडे मिळते, पण तसे घर सापडत नाही. मूल परत मिळत नाही, पण तिला शहाणपण येते. एका गोष्टीत मेलेला परत येतो, दुसरीत जिवंत आई भानावर येते. आत्मा आणि परलोक यांवर बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात काय लिहिले आहे ते घरात वाचून दाखवावे. आपली वाट दुसऱ्या गोष्टीची आहे. पण दोन्ही ठिकाणी गुरू शोक करणाऱ्याजवळ थांबतो, हे मुलाला जरूर दाखवा.

आता वडीलधाऱ्यांचा प्रश्न. बावीस प्रतिज्ञांमध्ये श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही, असे आपण म्हटले आहे. शेजाऱ्याच्या मयताला जाणार नाही, असे कुठे म्हटले आहे? त्यांचे विधी आपण करायचे नाहीत. पण ते चालू असताना शांत उभे राहणे, त्यांच्या दुःखाचा मान राखणे, मूठभर माती टाकणे, यात धम्माचा कोणताही भंग नाही. त्यात मैत्री आणि करुणा आहे. आपल्याकडे जलदान आणि पुण्यानुमोदनाला ख्रिस्ती, मुसलमान शेजारी येऊन बसतात तेव्हा ते काय बौद्ध होतात? ख्रिस्ती मयताला जायचे झाल्यास साधे कपडे घाला, चर्चमध्ये मागच्या बाकावर बसा, लोक उभे राहिले की उभे राहा. प्रसाद म्हणून जी भाकर देतात ती फक्त त्यांच्या धर्मात दीक्षित झालेल्यांसाठी असते, ती घ्यायला पुढे जाऊ नका. घरी गेलात तर “दहावे कधी?” असे विचारू नका, “प्रार्थना कधी आहे?” असे विचारा.

इथवर श्रद्धेचे झाले. पण शेवटच्या दिवशी सगळे सारखेच उठणार असे ज्या धर्माने सांगितले, त्याच्या दफनभूमीत तरी सगळे सारखे आहेत का? तामिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूर इथल्या कॅथलिक दफनभूमीत दलित ख्रिस्त्यांच्या कबरी वेगळ्या पाडणाऱ्या भिंतीचे प्रकरण अनेक वर्षे गाजले. धर्मांतराने जात आपोआप जात नाही, हे बाबासाहेबांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांविषयी लिहिताना दाखवून दिले होते. मेल्यावरही ती पाठ सोडत नाही, हे या भिंतीने दाखवले.

आणि बाहेरचा समाज काय करतो तेही पाहा. छत्तीसगडच्या बस्तर जिल्ह्यात छिंदवाडा नावाचे गाव आहे. तिथले एक पास्टर 7 जानेवारी 2025 रोजी वारले. हे कुटुंब मूळ महरा या अनुसूचित जातीतले. मुलाने गावातच पुरण्याची तयारी केली, तर गावकऱ्यांनी विरोध केला. गावच्या जागेत नाही आणि स्वतःच्या शेतातही नाही. उच्च न्यायालयाने दाद दिली नाही. मुलगा सर्वोच्च न्यायालयात गेला. तोवर बापाचे प्रेत शवागारात पडून होते. 27 जानेवारीला दोन न्यायमूर्तींचे मत वेगळे पडले. न्या. नागरत्ना यांनी स्वतःच्या जमिनीत पुरू द्यावे असे म्हटले, न्या. शर्मा यांनी ठरवून दिलेल्या दफनभूमीतच पुरावे असे म्हटले. प्रेत आणखी ताटकळू नये म्हणून शेवटी वीसएक किलोमीटरवरच्या करकापाल इथल्या ख्रिस्ती दफनभूमीत पोलीस बंदोबस्तात पुरायचा आदेश झाला. वीस दिवस एका मुलाला बापासाठी सहा फूट जमीन मिळाली नाही. ज्याची श्रद्धाच अशी की हे शरीर एक दिवस उठणार आहे, त्याला जागा नाकारणे म्हणजे त्याचा धर्मच नाकारणे होय.

बंधूंनो, हे दुःख आपल्याला सांगावे लागत नाही. आपल्या वाडवडिलांनी गावाबाहेरच्या वेगळ्या मसणवट्यातच माणसे नेली. आपल्या घाटाकडेच बघा ना! भोर घाटाची रेल्वे 1863 साली सुरू झाली. 1859 मध्ये आलेले कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल थोड्याच दिवसांत आजाराने वारले, पुढे त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी काम चालू ठेवले. त्यांची नावे इतिहासात आहेत. पण त्याच कामावर पटकीने आणि अपघाताने मेलेल्या हजारो मजुरांची नावे कुठेच नाहीत. कोण कुठे जाळला, कोण कुठे पुरला, याचाही पत्ता नाही. त्यात आपले किती होते कोण सांगणार!

तेव्हा माझी एक सूचना आहे. आपापल्या गावच्या ग्रामसभेत किंवा नगरपरिषदेत स्मशानाचा विषय निघेल तेव्हा आपण फक्त आपल्या शेडचे, आपल्या रस्त्याचे आणि पाण्याच्या नळाचे मागून थांबू नये. गावात ख्रिस्ती, मुसलमान किंवा भटक्या जमातीची घरे असतील तर त्यांच्या पुरण्याच्या जागेची नोंद सातबाऱ्यावर आहे का, तेही विचारावे. नसेल तर अर्ज लिहून द्यायला त्यांना मदत करावी. अर्जाची पोच घ्यायला विसरू नये. हे काम एखाद्याच्या मरणाच्या दिवशी करता येत नाही. ते आधीच करून ठेवावे लागते.

जयभीम.