घामाने दारू धुतली जात नाही

सध्या आमच्या बेळगावात एक नवा हिशेब चालतो. सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर चार फेऱ्या मारायच्या, नाहीतर जिममध्ये तासभर वजनं उचलायची, आणि शनिवारी रात्री निवांत बसायचं. कुणी हटकलंच तर उत्तर तयार असतं, "अहो, एवढा व्यायाम करतो की! सगळं घामातून निघून जातं."

हे उत्तर पुरुषांनी दिलं तर मला नवल वाटत नाही. वाईट याचं वाटतं की आम्ही बायकाही तेच पाठ म्हणायला लागलोय. "आमचे हे घेतात कधीतरी, पण तब्येत बघा कशी ठेवलीय!" मैत्रिणींनो, हा हिशेब खोटा आहे, आणि तो खोटा आहे हे मोठ्यानं म्हणायची वेळ आली आहे.

आधी शरीराचंच बघू. पोटात गेलेली दारू मुख्यतः यकृत, म्हणजे लिव्हर निकामी करतं. घाम, श्वास आणि लघवी या तिन्ही वाटांनी मिळून तिचा जेमतेम दहावा भाग बाहेर पडतो, तोही धरून. यकृताचा वेग ठरलेला असतो, तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम. तुम्ही धावा, पोहा, नाहीतर सूर्यनमस्कार घाला, हा वेग म्हणण्यासारखा वाढत नाही. व्हिस्कीच्या ६० मिलीच्या पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल असतं. रात्री साडेदहाला बसून तीन पेग घेतलेला माणूस सकाळी सहाला मैदानावर उतरतो, तेव्हाही त्याच्या रक्तात ती थोडीफार शिल्लक असू शकते. त्याच अवस्थेत तो गाडी चालवत आलेला असतो, हे वेगळंच.

आता कॅलरीचा हिशेब. एक ग्रॅम साखरेत ४ कॅलरी, एक ग्रॅम तुपात ९, आणि एक ग्रॅम अल्कोहोलमध्ये ७. म्हणजे तीन पेगांच्या सव्वाचारशेच्या आसपास. शेंगदाणे, चकली, तळलेले पापड वेगळे. तासभर झपाझप चालून अडीचशे-तीनशे कॅलरी खर्च होतात. शिवाय दारू पोटात असेतो शरीर आधी तिच्या मागे लागतं, चरबी जाळायचं काम बाजूला पडतं. पोळीला तूप लावलं म्हणून सुनेला बोलणारी मंडळी या पेल्यापुढं गप्प कशी बसतात, सांगा बघू.

आणि व्यायामानं जे कमवायचं तेही दारू खाते. व्यायामात स्नायूंना बारीक इजा होते, ती नंतर भरून येते आणि स्नायू बळकट होतात. हे भरून येणं विश्रांतीत आणि झोपेत होतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१४ साली आठ तरुणांवर प्रयोग केला. कसून व्यायामानंतर भरपूर दारू दिली, तेव्हा प्रथिनं सोबत घेऊनसुद्धा स्नायूंची ही बांधणी २४ टक्क्यांनी घटली, आणि प्रथिनांऐवजी पिष्टमय पदार्थ दिले तेव्हा ३७ टक्क्यांनी. माणसं थोडी होती, दारू जास्त होती, हे खरं. पण दिशा तर कळते. दारूनं लघवी जास्त होते, अंगातलं पाणी उतरतं. झोप लवकर लागते, पण मध्यरात्रीनंतर ती मोडत राहते. मग सकाळचा व्यायाम म्हणजे अर्ध्या झोपेतल्या, तहानलेल्या शरीराला हाकणं.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल बाई एकांगी बोलते. ब्रिटनमधल्या चाळिशीपुढच्या ३६ हजार लोकांच्या नोंदींवर २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पिणाऱ्यांत जे नियमित हालचाल करत होते, त्यांचा मृत्यूचा धोका न हालणाऱ्या पिणाऱ्यांपेक्षा कमी दिसला. होय, व्यायामानं फरक पडतो. जो पितो त्यानं तर व्यायाम सोडूच नये. व्यसन सोडणाऱ्यालाही त्याचा आधार होतो. पण हे श्रेय व्यायामाचं. त्यातून पिण्याचा परवाना कसा निघतो? छत्री असली की कमी भिजतो, म्हणून कुणी मुद्दाम पावसात जाऊन बसत नाही.

कॅन्सर तर छत्री बघतही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं १९८८ सालीच दारूला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. २०२३ साली त्याच संघटनेनं स्पष्ट सांगितलं की दारूचं कोणतंही प्रमाण तब्येतीला सुरक्षित नाही. आपल्या मुलीही आता नोकरीच्या गावी 'फक्त वाइन' म्हणतात. त्यांनी ऐकावं: बाईच्या अंगात पाण्याचा अंश कमी, त्यामुळं तेवढ्याच दारूनं रक्तातलं प्रमाण जास्त चढतं. थोड्या दारूनंही स्तनांच्या कॅन्सरचा धोका वाढतो.

शुगरच्या माणसाला तर धोका त्याच रात्री असतो. व्यायामानं साखर आधीच उतरलेली असते, आणि दारू यकृताला नवी साखर बनवू देत नाही. त्यात इन्सुलिन किंवा काही गोळ्या चालू असतील तर साखर झोपेतच धोक्याखाली जाते. नात्यातल्या एका घरी हेच झालं. सकाळी सायकल, रात्री पार्टी, पहाटे तीनला घाम आणि बरळणं. घरचे म्हणाले, "चढलीय, झोपू द्या." बायकोनं ऐकलं नाही, साखर तपासली. शुद्धीवर होते म्हणून साखरपाणी घशाखाली गेलं, आणि मग दवाखाना गाठला. दुसऱ्या दिवशी बोलणी तिलाच बसली, चारचौघांत तमाशा केला म्हणून.

माझं खरं भांडण इथं आहे. पीळदार दंड आता बायकोचं तोंड बंद करायला वापरला जातोय. स्थळाच्या माहितीत 'फिटनेसची आवड' असं लिहून आलं की आपण पुढचं विचारत नाही. ज्या गावात तालमी होत्या, तिथं वस्ताद पोराला दंडबैठकांबरोबर संयमही शिकवायचा. आज दंडबैठका ठेवल्या आणि संयम उंबऱ्याबाहेर ठेवला.

आपल्या घरात तर हे सांगायलाही लागू नये. समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात गृहस्थाचे आठ मूलगुण सांगितले, त्यात मद्यत्याग आहे. मूलगुण म्हणजे पाया. आणि कर्माच्या बाबतीत आपण लहानपणापासून ऐकलंय: चांगल्याचं फळ वेगळं, वाईटाचं वेगळं, भोगायचं दोन्ही. शरीराचाही कायदा तोच निघाला की!

तेव्हा बायांनो, स्थळ बघताना सरळ विचारा, "घेतो का?" 'कधीतरी' हे उत्तर आलं तर कधी आणि किती, तेही विचारा. घरातल्या कार्यात, सहलीत, मॅरेथॉनच्या मेडलच्या आनंदात पेले मांडायला हात लावू नका. आणि कुणी घामाचा दाखला दिला, तर यकृताचा दाखला मागा.