सातबारा मागता, मग रोपाचा रिपोर्ट का नको?

श्रीगोंदा, कर्जत, पाथर्डी, शेवगाव, नेवासा... लिंबू-मोसंबी करणाऱ्या सगळ्यांनी वाचा. पोस्ट मोठी आहे, पण विषय बागेच्या जिवाचा आहे.

आमची मोसंबी सहाव्या वर्षी गेली. पानं पिवळी, शेंडे वाळलेले, फळं लिंबाएवढी. एक म्हणाला पाणी जास्त झालं, दुसरा म्हणाला डिंक्या, तिसऱ्यानं औषधाची बाटली विकली. शेवटी पानं तपासून घेतली, तर ट्रिस्टेझा विषाणू आणि ग्रीनिंगचा जिवाणू, दोन्ही! नर्सरीवाला म्हणतो, "तुमच्या रानातच लागला असंल." त्याला खोटं कसं पाडणार? रोप घेताना तपासणीचा कागदच नव्हता.

भांडण त्या एका माणसाशी नाही, पद्धतीशी आहे. एका रोगट मातृवृक्षाचे डोळे कितीतरी खुंटांवर भरले जातात आणि रोप दिसतं हिरवंगार. परवान्याचा बोर्ड म्हणजे रोप निरोगी असल्याचा दाखला नव्हे.

रोग काय काल आलेत? तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या या ऱ्हासावर वासुदेव आणि कपूर यांनी 1958 सालीच लिहिलं. ग्रीनिंग सिट्रस सायला कीड पसरवते, हे कपूर आणि सहकाऱ्यांनी 1967 ला दाखवलं.

उपायही जुनाच. प्रयोगशाळेतलं शेंडा कलम. खुंटाचं बी परीक्षानळीत, अंधारात उगवतात. रोपाचा शेंडा छाटतात आणि चांगल्या झाडाच्या कोवळ्या फुटीचं टोक, मिलिमीटरच्या पाचव्या-दहाव्या भागाएवढं, सूक्ष्मदर्शकाखाली त्यावर बसवतात. त्या टोकापर्यंत रोग सहसा पोचलेला नसतो. मग चाचणी. पास झालं तरच ते कीटकरोधक जाळीत मातृवृक्ष म्हणून जातं. ट्रिस्टेझानं कोट्यवधी झाडं गमावलेल्या स्पेननं 1975 पासून याच वाटेनं बागा पुन्हा उभ्या केल्या. आपल्याकडं नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत हे तंत्र आहे.

कुणी म्हणेल, कागदी लिंबू आम्ही बियांपासून करतो, आम्हाला काय त्याचं? ट्रिस्टेझा बियांतून सहसा येत नाही, खरंय. पण उघड्या नर्सरीत मावा तो आणून सोडतो. आणि कागदी लिंबू या रोगाला इतकं नाजूक, की ट्रिस्टेझा ओळखायला शास्त्रज्ञ हेच रोप वापरतात!

कुणी म्हणेल, शुद्ध रोप लावलं तरी रानात मावा येणारच. येणार. फवारणी, निगा सुटत नाही. पण पोर जन्मतःच आजारी असणं वेगळं आणि मोठं झाल्यावर आजारी पडणं वेगळं.

केंद्रानं ऑगस्ट 2024 मध्ये 1,765.67 कोटींचा क्लीन प्लांट प्रोग्राम मंजूर केला. त्यात 9 केंद्रं, संत्रा-मोसंबीसाठी नागपूर. चांगलंय. पण नागपूरचं शुद्ध रोप श्रीगोंद्यात कधी पोचणार?

मागण्या तीनच:
1. राहुरीच्या कृषी विद्यापीठात तपासलेले मातृवृक्ष जाळीत इतके वाढवा, की जिल्ह्यातल्या प्रत्येक परवानाधारक नर्सरीला डोळे पुरतील.
2. मातृवृक्षाचा चाचणी रिपोर्ट नर्सरीच्या दारात लावा, नंबर पावतीवर छापा.
3. जाळी आणि चाचणीचा खर्च एकट्या नर्सरीवाल्यावर टाकू नका, अनुदान द्या.

अनुदानाच्या फाईलला सातबारा लागतो, आधार लागतं, पासबुक लागतं. रोपाचा रिपोर्ट तुम्हाला आजवर कुणी मागितला? कमेंटमध्ये सांगा. आणि पुढच्या वेळी रोप घ्यायला जाल, तेव्हा भावाआधी रिपोर्ट विचारा. आपण विचारल्याशिवाय कुणी दाखवणार नाही.