नापास कोण?

मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. कादंबऱ्या लिहितो, पण नाडी कुठे पाहावी हेही मला धड ठाऊक नाही. अशा माणसाने वैद्यकीच्या परीक्षेविषयी बोलणे म्हणजे आगाऊपणा, असे कुणी म्हणेल. म्हणो बापडे! पोरांना पास-नापास करण्यात माझी वीस वर्षे गेली आहेत; तेवढ्याच अधिकारावर बोलतो.

माझा एक जुना विद्यार्थी, शिंप्याचा मुलगा, किर्गिझस्तानातून डॉक्टर होऊन आला. त्यासाठी बापाने राहत्या घरामागची जागा विकली. एजंटाने सांगितले होते, 'तिकडची पदवी इकडे चालते.' चालते, पण वाटेत एक फाटक आहे, हे सांगायला तो विसरला. २००२ सालापासून परदेशी पदवीधराला इथे स्क्रीनिंग परीक्षा द्यावी लागते. वर्षातून दोनदा, एकाच दिवशी ३०० प्रश्न. पैकी १५० बरोबर आले तर पास. माझा विद्यार्थी तिसऱ्या खेपेस १४१ वर अडला. आज तो एका इस्पितळात केसपेपर लिहितो.

मग ही परीक्षाच रद्द करावी काय? मुळीच नाही. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेतून पदवी घेऊन आल्या, तेव्हा कुठे होती परीक्षा, असे काही मंडळी विचारतात. अहो, तेव्हा पदव्यांचा बाजार भरला नव्हता! निम्मे गुण मागणे म्हणजे काही जुलूम नव्हे. शिवाय चुकीच्या उत्तराला गुणही कापत नाहीत. उद्या माझी आई टेबलावर असेल, तर मला पास झालेलाच डॉक्टर हवा.

माझे भांडण परीक्षेशी नाही, ती घेऊन हात झटकणाऱ्यांशी आहे. अनेक खेपांना चारांतले तीन उमेदवार नापास झाले आहेत. माझ्या वर्गात असा निकाल लागला, तर हेडमास्तर आधी मला बोलावतील. इथे कोण कुणाला बोलावतो? २०२१ साली नियम कडक झाले : किमान ५४ महिन्यांचे शिक्षण, इंग्रजी माध्यम, तिकडे इंटर्नशिप आणि इकडे पुन्हा. सारे ओझे मुलाच्या पाठीवर! आणि एजंटाची पाटी चौकात तशीच झळकते आहे. जाताना कुणी अडवत नाही. पैसा आणि वर्षे संपली की मग अडवतात.

दुसरी गोष्ट. पर्यायांतून उत्तर निवडले की डॉक्टर झाला काय? पोटावर हात ठेवून दुखणे ओळखता येते की नाही, हे त्या ३०० प्रश्नांना कसे कळणार?

आणि तिसरी, सर्वांत झोंबणारी. शिंप्याच्या पोराला हा तराजू. मग इथेच कोटीच्या घरात फी मोजून डॉक्टर झालेल्याला का नाही? २०१९ च्या कायद्याने सर्वांना एकच परीक्षा कबूल केली. मुदत उलटली, मुदत वाढली. हे लिहीपर्यंत ती परीक्षा झालेली नाही. वजन खरे असेल तर दोघांनाही त्याच पारड्यात बसवा. घरच्याला वगळणारा तराजू वाण्याच्या दुकानात सापडला, तर आपण काय म्हणतो?

परवा तो मुलगा भेटला. मी तावातावाने हे सारे बोललो. तो शांतपणे म्हणाला, "सर, नववीत गणितात मला ३४ होते. तुम्ही ३५ केलेत. आठवतं?"

आठवले. मी तेव्हा त्याला दया म्हणालो होतो. त्याला काय येत नाही हे बघायला मला वेळ नव्हता, एवढेच खरे. एजंटाने त्याला फसवले, सरकारने फसवू दिले. आणि सुरुवात माझ्या लाल पेन्सिलीने झाली होती. त्याला खरे सांगणारी पहिली परीक्षा फार उशिरा आली, आणि ते खरे ऐकण्याची किंमत त्याच्या बापाने मोजली.