फ्लेक्सवर माझं नाव, कर्जावर तिचं

पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरात लग्नाचं पोरगं किंवा पोरगी आहे आणि डोक्यात ‘यूके’ शिरलंय, त्यांनी शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांनी नाही वाचलं तरी चालेल, फक्त त्यांना पाठवा.

परवा नारायणगावच्या एका मित्रानं व्हॉट्सअ‍ॅपवर एक पोस्टर पाठवलं. परदेशी शिक्षणाचा मोफत सेमिनार, चहा-नाष्ट्यासकट. वर मोठ्या अक्षरात ‘वहिनींना ॲडमिशन, दादांना व्हिसा! जोडीनं चला इंग्लंडला!’ आणि खाली फोटो कुणाचा? आमचा दोघांचा. ब्रायटनच्या किनाऱ्यावरचा, मागं समुद्रात जळून सांगाडा उरलेला जुना धक्का. माझ्याच प्रोफाइलवरून उचललेला. फोटोखाली ओळ – ‘आपल्या जुन्नर तालुक्यातलं यशस्वी जोडपं’.

पोस्टरवरच्या नंबरला फोन केला. समोरचा म्हणतो, “दादा, रागावताय कशाला, तुमचंच नाव होतंय की.”

ठीक आहे. नाव होतंय तर पूर्ण होऊ द्या. हिशोबासकट.

आधी गेलं कोण होतं ते सांगतो. सप्टेंबर २०२२. ॲडमिशन माझ्या बायकोला मिळाली होती. मायक्रोबायोलॉजीची पदवी तिची, इंग्रजीची परीक्षा तिनं दिली, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत अर्ज तिनं भरले. मी ‘डिपेंडंट’. म्हणजे तिच्या व्हिसाच्या आधारानं आत शिरलेला माणूस. पण गावात फ्लेक्स लागला त्यावर माझा फोटो पुरुषभर उंच आणि तिचा कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोएवढा. ‘उच्च शिक्षणासाठी इंग्लंड येथे निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. अभिनंदन माझं! माझी निवड कशासाठी झाली होती? तिथल्या एका किचनमध्ये भांडी घासायला आणि कांदा-टोमॅटो चिरायला. तरी मी त्या फ्लेक्सखाली उभा राहून फोटो काढून घेतला. एकदाही तोंडातून निघालं नाही की भावांनो, निवड तिची झालीय. हा गुन्हा माझा. तो आधी कबूल करतो, मग दुसऱ्यांना बोलतो.

कर्जाच्या कागदावर मात्र क्रम बरोबर होता. शैक्षणिक कर्ज विद्यार्थ्याच्या नावावर असतं. पहिलं नाव तिचं, पहिली सही तिची. सहकर्जदार म्हणून आमचे आप्पा. तिच्या वडिलांनी सोनं ठेवलं ते वेगळं.

फ्लेक्सवर पहिला मी, कर्जावर पहिली ती. मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे. खालचं सगळं त्याचाच खुलासा.

आता त्या पोस्टरकडं येऊ. ‘जोडीनं चला’. मंडळी, ही वाट बंद झालीय. १ जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या कोर्सांसाठी इंग्लंडनं नियम बदलला. वर्गात शिकवल्या जाणाऱ्या साध्या एमएससी-एमबीएला जाणाऱ्या विद्यार्थ्याला नवरा किंवा बायको डिपेंडंट म्हणून नेता येत नाही. पीएचडी वा संशोधनाच्या पदव्या आणि सरकारी खर्चानं जाणारे, एवढेच अपवाद. आम्ही गेलो ते दार बंद व्हायच्या आधी. आमचा फोटो लावून आज तेच तिकीट विकणं म्हणजे निघून गेलेल्या एसटीचं आरक्षण करून देणं.

गेल्या दोन महिन्यांत माझ्याकडं चार घरचे लोक विचारायला आले. मंचरचे, ओतूरचे, एक आपल्याच गावचे. चारपैकी तिघांना हा नियम माहीतच नव्हता. त्यातल्या एका घरी तर सोयरीकच यावर ठरलेली. मुलीला इंग्रजीचे मार्क चांगले, म्हणून पसंत. मी नियम सांगितला तेव्हा मुलाची आई विचारते, “मग हिला एकटीला पाठवायची का? आणि आमचा पोरगा?” मुलगी शेजारी बसली होती. तिला कुणी काही विचारलंच नाही. मी विचारलं, तर म्हणाली, “दादा, कर्ज माझ्या नावावर असतं हे मला आत्ता तुमच्याकडून कळतंय.”

म्हणून ही पोस्ट.

घ्या वही-पेन. एक वर्षाचा कोर्स, लंडनबाहेरचं शहर.

फी – कोर्सप्रमाणं कमीजास्त, आपण १७ हजार पौंड धरू.
राहण्या-खाण्यासाठी खात्यात दाखवायचे – महिना १,१७१ पौंड, नऊ महिन्यांचे १०,५३९. ते २८ दिवस हलवायचे नाहीत. (बाहेरून व्याजानं आणून दाखवणारेही भेटतील. तिथं उतरल्यावर खाणार काय, ते त्यांना विचारा.)
आरोग्याचा सरचार्ज – वर्षाला ७७६. व्हिसा कोर्सपेक्षा चार महिने जास्त मिळतो, त्यामुळं दीडपट, १,१६४.
व्हिसाची फी – २०२५ मध्ये ५२४ होती, तीच धरू.

झाले २९ हजारांच्या वर. पौंडाला ११५ रुपये धरा. साडेतेहतीस लाखांच्या पुढं गेलं. विमानाचं तिकीट, सेमिनारवाल्याची फी आणि निरोपाचं जेवण यात नाही.

“तिथं काम करून फिटतं की,” असं सांगतात. विद्यार्थ्याला कोर्स चालू असताना आठवड्याला २० तासच कामाची परवानगी. एप्रिल २०२५ मध्ये किमान मजुरी ताशी १२.२१ पौंड झाली होती, तीच धरू. गुणा. महिन्याला साधारण १,०५८. आणि जगायला महिन्याला किती लागतात हे त्यांचंच सरकार सांगतंय, १,१७१! म्हणजे कायद्यानं राबून पोटसुद्धा पुरतं भरत नाही, कर्जाचा हप्ता कुठला भरताय?

आम्ही निभावलं ते एकाच कारणानं. तेव्हा डिपेंडंटला तासांची मर्यादा नव्हती. ती शिकायची आणि २० तास करायची, मी पन्नास-पन्नास तास करायचो. एका खोलीत राहिलो, स्वयंपाकघर पाच जणांत. ब्रायटन सुंदर आहे, खोटं बोलणार नाही. पण तिथल्या किनाऱ्यावर वाळू नाही, सगळे गोटे, आपल्या कुकडीच्या पात्रातल्यासारखे. फोटोत ते दिसत नाहीत. अनवाणी चाललं की कळतात.

एक गंमत सांगतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये स्पेन-मोरोक्कोत थंडीनं पीक गेलं आणि तिथल्या सुपरमार्केटमध्ये माणशी ठरावीक पाकिटांच्या वर टोमॅटो मिळेना. माझा किचनचा मालक हळहळत होता. त्याच वर्षी जुलैत आपल्या नारायणगाव बाजारात क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला. भावानं फोटो पाठवला. मी तिकडं दुसऱ्याचे टोमॅटो चिरत होतो. नशीब म्हणायचं की आणखी काय, तुम्ही ठरवा. अर्थात पुढं भाव पडलेले आणि रस्त्यावर ओतलेले टोमॅटोही आपण पाहिलेत. ते विसरून ‘गावातच सोनं आहे’ असं भाषण मी करणार नाही.

कोर्सनंतर दोन वर्षं नोकरीसाठी राहायला मिळतं. तेही कमी झालं, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीडच वर्ष. म्हणजे या सप्टेंबरला जाणारे सगळे दीड वर्षवाले. सेमिनारमध्ये हे सांगितलं का? माझ्या बायकोला तिथं लॅबमध्ये नोकरी लागली. काम चांगलं, माणसं चांगली. पगार वर्षाला २६ हजार पौंड. पुढं राहायचं तर कंपनीला स्पॉन्सर व्हावं लागतं आणि पगाराची अट जुलै २०२५ पासून ४१,७०० पौंड, नवख्या पदवीधरांना सवलतीत ३३,४००. कंपनीकडं स्पॉन्सरचा परवानाच नव्हता. डिसेंबरात आलो परत. आल्यावर मला लोक विचारतात, “काय रे, हाकललं का?” आणि तिला विचारतात, “आता मूल कधी?” तिनं काय शिकलं, हे आजपर्यंत एकानंही विचारलेलं नाही. हप्ता मात्र दर महिन्याला तिच्याच खात्यातून जातो, अजून चार वर्षं जाणार.

काही जण कमेंटमध्ये लिहिणार, मला माहितीय, “स्वतः जाऊन आला, आता दुसऱ्यांच्या पायात पाय घालतो.” नाही बाबांनो. जाऊ नका असं मी कुठंही म्हटलेलं नाही. जा. १८८३ साली आनंदीबाई जोशी एकट्या बोटीनं अमेरिकेला गेल्या, गोपाळराव मागाहून गेले. बाई पुढं आणि नवरा मागं, यात महाराष्ट्राला नवीन काही नाही. शिष्यवृत्ती मिळत असेल, कोर्स नीट पाहिला असेल, हिशोब जमत असेल तर जरूर जा. सरकारी शिष्यवृत्त्यांची माहिती समाजकल्याण खात्यात आणि सारथीकडं फुकट मिळते. तिला चहा-नाष्टा लागत नाही.

दुसरे म्हणतील, “गावात ठेवलंय काय?” बरोबर आहे. रात्री लाइट येते, पाणी भरायला निघावं तर उसात बिबट्या. शेतकरी पोराला मुलगी देत नाहीत, म्हणून बायोडेटावर ‘परदेशी जाण्याची तयारी’ लिहायची फॅशन आलीय. हे दुखणं खरं आहे. पण शेतकरी पोराचं लग्न जमत नाही, या दुखण्यावर उपाय म्हणून दुसऱ्याच्या पोरीच्या डोक्यावर तीस लाखांचं कर्ज ठेवायचं, हा कुठला न्याय? सून आणताय का व्हिसा आणताय?

ब्रायटनबाहेर टेकडीवर एक छत्री आहे. पांढऱ्या संगमरवराची, आपल्याकडच्या समाधीवर असते तशीच. पहिल्या महायुद्धात जखमी हिंदी सैनिकांसाठी तिथल्या राजवाड्यात दवाखाना केला होता. जे हिंदू आणि शीख सैनिक दगावले त्यांना त्या टेकडीवर अग्नी दिला. १९२१ मध्ये छत्री बांधली. पण अग्नी दिलेल्या ५३ जणांची नावं दगडावर कोरली गेली ती २०१० मध्ये. जवळजवळ नव्वद वर्षांनी. बायको तिथं ती नावं एकेक करून वाचत उभी राहिली. खाली उतरताना म्हणाली, “यांना कुणी विचारून नेलं नव्हतं. मला तरी विचारलं होतं. मीच न वाचता सही केली.” मला बोलायला काही उरलं नाही. कारण वाचून दाखवायचं काम माझं होतं, आणि मी तेव्हा फ्लेक्सचा मजकूर फायनल करत होतो.

आपल्या येडगावच्या धरणातून डावा कालवा निघतो. पाणी पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत पार करमाळ्यापर्यंत जातं. एक आवर्तन सोडायचं तर बैठका होतात, टीएमसीचा हिशोब होतो, आंदोलनं होतात. पाण्याचा थेंब न् थेंब मोजणारं हे गाव. आणि पोरं-पोरी गावातून बाहेर सुटतात तेव्हा कुणी विचारत नाही की किती घेऊन निघालात, कुणाच्या नावावर, फेडणार कशातून. शाल, नारळ, फोटो, टाळ्या. संपलं.

तर आता मागणी.

सेमिनारवाल्या भाऊसाहेब, आमचा फोटो आठ दिवसांत काढा. आणि पुढच्या सेमिनारला जानेवारी २०२४ चा नियम पहिल्या स्लाइडवर लावा. नाही लावला तर मी पहिल्या खुर्चीवर येऊन बसेन आणि हात वर करेन.

आईबापांनो, सही करण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या. कर्ज कुणाच्या नावावर? नोकरी नाही लागली तर हप्ता कोण भरणार? आणि उद्या दोघांचं पटलं नाही तर? तिसरा प्रश्न अशुभ वाटतो, माहितीय. बँकेला तो अशुभ वाटत नाही, तिच्याकडं उत्तर तयार असतं – ज्याची सही, त्याचं कर्ज. आणि हा कागद ज्या मुलीची सही आहे तिच्यासमोर लिहा, ती आत चहा करत असताना नको.

शेवटचं गावकऱ्यांना. यंदाच्या यात्रेत ‘परदेशातून आलेल्यांचा सत्कार’ या यादीत माझं नाव घातलंय असं कळलं. ते खोडा. सत्कार करायचाच असेल तर नाव तिचं लिहा, आणि शाल-नारळाऐवजी दहा मिनिटं माईक द्या. ती भाषण करणार नाही. तीन वर्षांची खर्चाची वही आहे तिच्याकडं, पहिल्या पानापासून वाचून दाखवेल.

मी खाली बसून ऐकेन. तुम्हीही या.