तेरचे मडके कच्चे की पक्के?

दरवर्षी चैत्र वद्य पक्षात तेर येथे संत गोरोबाकाकांची यात्रा भरते. शके १२३९, म्हणजे इसवी सन १३१७ या साली चैत्र वद्य त्रयोदशीस काकांनी देह ठेवला, अशी वारकरी संप्रदायाची परंपरा आहे. त्या सुमारास गावोगावच्या दिंड्या टाळमृदंगाच्या गजरात तेरणेच्या काठी येऊन दाखल होतात. यात्रेकरू समाधीवर माथा टेकवितो, कीर्तन ऐकतो, मुलांसाठी एखादे खेळणे व घरासाठी चार जिन्नस खरेदी करितो आणि आल्या वाटेने परत जातो. पाऊसकाळ बरा झाला असेल तर तेरणा धरणाचे पाणी पाहावयास जाणारी हौशी मंडळीही असतात. यात वावगे काहीच नाही. परंतु ज्या मातीवरून आपण चालत आलो ती माती दोन हजार वर्षांपूर्वी दूरदेशीच्या व्यापारात नावाजलेली होती, हे या समुदायापैकी किती जणांस ठाऊक असते? आणि ज्यांस ठाऊक असते, त्यांपैकी किती जण तिच्या रक्षणासाठी बोट तरी हलवितात? आजच्या लेखाचा विषय हाच आहे.

आमच्या वाचकांत व्यापारी मंडळी पुष्कळ आहेत. म्हणून आरंभ व्यापारापासूनच करू. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा ग्रीक भाषा लिहिणाऱ्या दर्यावर्दी मनुष्याने आपल्या समुद्रावरील बंदरांचे व बाजारपेठांचे एक टिपण करून ठेविले आहे. ‘पेरिप्लस’ या नावाने ते प्रसिद्ध आहे. त्यात तो सांगतो की, भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे मोठे नगर आहे. या तगराहून साधे कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल व किनाऱ्याकडील मुलखातून येथे गोळा झालेला इतर माल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या प्रदेशातून भडोचेस जात असे. टॉलेमीच्या भूगोलातही तगराचे नाव आहे. पुढे कोकणात व कोल्हापुरास राज्य करणारे शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत व शिलालेखांत स्वतःस ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. ज्या नगराशी आपल्या कुळाचे नाते सांगणे राजेलोकांस भूषणाचे वाटे, ते नगर म्हणजे हेच आपले तेर.

पण हे आपणांस कळले कसे? येथे मान खाली घालण्यासारखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. तगर कोठे होते, याविषयी पंडितांत पुष्कळ वर्षे वाद चालला. कोणी देवगिरीकडे बोट दाखवी, कोणी जुन्नरकडे, कोणी धारूरकडे. अखेर १९०१ साली फ्लीट या इंग्रज विद्वानाने लंडनच्या नियतकालिकात लेख लिहून तगर म्हणजे तेर असे प्रतिपादन केले, आणि त्याच सुमारास हेन्री कझिन्स याने प्रत्यक्ष येऊन येथील देवळे व टेकाडे यांची पाहणी केली. म्हणजे आपल्या अंगणात पुरलेला हंडा सात समुद्रांपलीकडील पाहुण्याने आपणांस दाखवून दिला! त्या विद्वानांचे ऋण आम्ही मोकळ्या मनाने मान्य करितो. परंतु परवशतेच्या काळी जी गोष्ट परक्याने करावी लागली, ती स्वातंत्र्य मिळाल्यावरही परक्यानेच करावी काय? १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा निजामी अमलातून मुक्त झाला. आपल्या इतिहासाचे धनी आपणच झालो. धनीपण आले म्हणजे रखवालीही आलीच.

येथे पाहण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील तर त्यास पुढील उत्तर आहे. त्रिविक्रमाचे देऊळ विटांचे असून त्याचा गाभारा मागून अर्धवर्तुळाकार आहे. अशी घडण बौद्धांच्या चैत्यगृहाची असते. डोंगरात कोरलेली चैत्यगृहे पुष्कळ आहेत, पण विटांनी बांधलेले व आजवर उभे असलेले या घडणीचे मंदिर हिंदुस्थानात क्वचितच आढळते. आंध्रातील चेझार्ला येथे एक आहे आणि आपल्याकडे हे तेरचे. आज आत विष्णूची मूर्ती आहे व तिची पूजा चालू आहे. धर्म पालटले, देव पालटले, पण देऊळ लोकांनी पाडले नाही, वापरीत राहिले. परधर्माविषयी सहिष्णुता कशास म्हणतात, हे शिकावयास दुसरा धडा नको. उत्तरेश्वराचे देऊळ व त्याची कोरीव लाकडी चौकट, जैनांचे मंदिर, गोरोबाकाकांची समाधी व त्यांचे म्हणून दाखविले जाणारे घर, ही सारी एकाच गावाच्या शिवेत आहेत. बौद्ध, जैन, शैव, वैष्णव व वारकरी अशा पाच परंपरा एकाच पाण्यावर नांदलेल्या पाहावयाच्या असतील तर तेरणेच्या काठी यावे.

जमिनीवर आहे त्याहून अधिक जमिनीखाली आहे. १९५८ साली चापेकर यांनी येथे उत्खनन केले. पुढेही वेळोवेळी कुदळ पडली. चाकाच्या आऱ्यांप्रमाणे विटा रचून बांधलेल्या स्तूपाचा पाया निघाला. सातवाहनांची नाणी, शंखाच्या बांगड्या, काचेचे व दगडाचे मणी, पांढऱ्या मातीच्या साच्यात काढलेल्या सुबक मूर्ती आणि रोमी साम्राज्यातून दारू वा तेल भरून आलेल्या कुंभांची खापरे मिळाली. सर्वांत नावाजलेली वस्तू म्हणजे एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती. इटलीत व्हिसुव्हियसच्या स्फोटाने इसवी सन ७९ मध्ये गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात १९३८ साली अशाच घडणीची हिंदी हस्तिदंती मूर्ती सापडली. तेरची मूर्ती आकाराने लहान, पण कुळ तेच. जालना जिल्ह्यातील भोकरदन येथेही तिची एक बहीण निघाली आहे. मराठवाड्याच्या कारागिरांचे हात रोमी सरदाराच्या दिवाणखान्यापर्यंत पोहोचले असावेत, या तर्कास याहून बळकट आधार कोणता हवा?

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. या वस्तूंपैकी पुष्कळ वस्तू आज सुरक्षित आहेत, त्याचे श्रेय कोणा मोठ्या खात्यास नाही, तर तेरच्याच एका गृहस्थास आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांचे नाव वाचकांनी स्मरणात ठेवावे. पावसाने टेकाडाची माती वाहून गेली म्हणजे मणी, नाणी व मृण्मूर्ती उघड्या पडत. लोक त्यांवरून चालत जात. लामतुरे वाकून त्या उचलीत. वर्षानुवर्षे त्यांनी हा संग्रह केला, आणि आज तेर येथे त्यांच्याच नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे आहे. दुसऱ्याने जो खडा म्हणून लाथाडला तो त्यांनी ठेवा म्हणून जपला. एका मनुष्याने वाकण्याचे ठरविले तर केवढे कार्य होते, याचे हे उदाहरण आहे. पण एकाच मनुष्याने किती काळ वाकावे?

मराठवाड्यातील जुन्या वस्तीच्या जागेस पांढरी म्हणतात. तिची माती धाब्याच्या घरावर टाकावयास किंवा शेतात खत म्हणून न्यावयाची वहिवाट फार जुनी आहे. यात शेतकऱ्याचा दुष्ट हेतू नसतो. तथापि पांढरीची एक गाडी माती म्हणजे इतिहासाचे एक पान असते, आणि ते फाडले की पुन्हा चिकटविता येत नाही. जुन्या बांधकामाच्या विटा काढून नव्या भिंतीत बसविणे, नांगराच्या फाळास लागलेले नाणे आठवडे बाजारात चांदीच्या भावाने मोडणे, मूर्ती एखाद्या गोडबोल्या फिरस्त्यास शे-दोनशे रुपयांत देऊन टाकणे, हे प्रकार कोणत्याही प्राचीन गावास नवे नाहीत. फिरस्ता शंभरास घेतो, शहरातला दलाल हजारांस आणि परदेशातला शौकीन लाखांस. व्यापारी वाचकांस आम्ही विचारितो की, आपल्या पेढीत असा व्यवहार करणाऱ्या मुनिमास आपण किती दिवस ठेवाल?

कायद्याची बाजूही सांगून ठेवितो, कारण अज्ञान हा कोर्टात बचाव ठरत नाही. १९७२ च्या पुरावस्तू व कलासंपदा कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, नाणे वा अन्य कलाकृती ही पुरावस्तू होय. परवान्यावाचून तिचा व्यापार करता येत नाही. ती देशाबाहेर पाठविण्याचा अधिकार केंद्र सरकारास किंवा त्याने नेमिलेल्या संस्थेसच आहे; हा निर्बंध मोडणारास कमीत कमी सहा महिने व जास्तीत जास्त तीन वर्षे कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. भारतीय राज्यघटनेच्या ४९ व्या अनुच्छेदाने राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके जपण्याचे कर्तव्य सरकारवर टाकिले आहे. ते सर्वांस पाठ असते. पण १९७६ साली घटनेत घातलेल्या ५१-क या अनुच्छेदाने आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपण्याचे कर्तव्य प्रत्येक नागरिकावरही टाकिले आहे. सरकारचे कर्तव्य मोजताना आपली बोटे झटपट चालतात. स्वतःचे मोजताना मात्र ती आखडतात.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, पोटाला नाही तेथे पुरावस्तू काय कामाच्या? १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या आणि २०१६ साली शेजारच्या लातुरास आगगाडीने पाणी आणावे लागले ते अनुभवलेल्या या मुलखात हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. आमचे उत्तर असे की, पाऊस आपल्या हातचा नाही, पण पाहुणा आहे. जो यात्रेकरू आज दोन घटकांत परततो तो एक दिवस अधिक राहिला, तर खाणावळ, वाहन, दुकान व वाटाड्या या चौघांस काम मिळते. आणि हे काम पावसावर अवलंबून नाही. दुसरा आक्षेप भाविकांचा. आम्ही काकांच्या दर्शनास येतो, जुनी खापरे पाहावयास नव्हे, असे ते म्हणतील. त्यांस आमचे नम्र सांगणे असे की, गोरोबाकाका जातीने व धंद्याने कुंभार होते. विठ्ठलाचे नाम घेत त्यांनी आयुष्यभर मातीच तुडविली. ज्या खापरास आपण तुच्छ लेखतो ते त्यांच्याच पूर्वजांच्या हातचे असेल. त्याचा मान ठेविणे हीदेखील एक भक्तीच आहे.

आणि येथेच सुधारणेचा एक प्रश्न उपस्थित होतो. कुंभार संताच्या समाधीवर आपण फुले वाहतो, पण कुंभाराच्या चाकास काम देतो काय? ज्या संताने जन्मभर मडकी घडविली त्याच्याच यात्रेत चहा कागदाच्या व प्लॅस्टिकच्या पेल्यांतून घ्यावा आणि ते पेले वाऱ्याने उडत जाऊन नदीत पडावेत, यात आम्हांस मोठी विसंगती दिसते. संतास ‘काका’ म्हणावयाचे आणि त्याच्या भाऊबंदांस बलुतेदार म्हणून दाराबाहेर उभे करावयाचे, हा जुना दुटप्पीपणा आता तरी सोडला पाहिजे.

तेव्हा करावे काय? आमच्या सूचना अगदी साध्या आहेत. तेरच्या ग्रामसभेने ठराव करावा की, पांढरीची माती कोणी नेणार नाही व जे सापडेल त्याची वर्दी संग्रहालयास व महसुली अधिकाऱ्यास दिली जाईल. देणाराचे नाव गावात सन्मानाने पुकारले जावे, म्हणजे चौकशीच्या भयाने कोणी वस्तू लपविणार नाही. यात्रेच्या दिवसांत संग्रहालय सकाळपासून रात्रीपर्यंत उघडे राहावे, आणि शाळेतील वरच्या वर्गांच्या मुलामुलींस वाटाड्ये म्हणून तयार करावे. परगावच्या माणसास आपल्या गावाचा इतिहास सांगणारे मूल तो इतिहास कधी विकणार नाही. कुंभारांनी जुन्या मृण्मूर्तींच्या प्रतिकृती व मातीचे पेले घडवावेत आणि धाराशिव, लातूर, बार्शी येथील व्यापाऱ्यांनी ते विकत घेण्याची हमी द्यावी. यात्रेकरूंत अर्ध्या स्त्रिया असतात. त्यांच्यासाठी स्वच्छ शौचकूप व निवारा बांधण्यास वर्गणी काढावी. कळसास सोन्याचा पत्रा चढविण्याआधी हे झाले, तर काकांस ते अधिक आवडेल. आणि धरणाचे पाणी पाहावयास जाणाराने पाण्यात काही टाकून येऊ नये. ज्या पाण्यास आपण उन्हाळ्यात हात जोडतो त्याची पावसाळ्यात विटंबना करणे शहाणपणाचे नव्हे.

यांपैकी एकाही कामास मंत्र्याच्या दौऱ्याची वाट पाहावी लागत नाही. सरकारकडे उत्खनन, डागडुजी व रस्ता मागावा, आग्रहाने मागावा. पण मागणाऱ्याने आपले घर झाडलेले असावे.

काकांची एक कथा सर्वांस ठाऊक आहे. संतमेळा जमला असता मुक्ताबाईच्या सांगण्यावरून काकांनी थापटी घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारिली व कोणते मडके भाजले आहे, कोणते कच्चे आहे, याची परीक्षा केली. इतर निमूट बसले. नामदेव रागावले आणि कच्चे ठरले. पण नामदेवांचा मोठेपणा असा की, रुसवा सोडून ते गुरूच्या शोधास निघाले व पक्के होऊन परतले. तेरची माती आज तीच थापटी घेऊन आपल्यापुढे उभी आहे. ती डोक्यावर बसली म्हणून रागवावयाचे, की आपला कच्चेपणा ओळखून कामास लागावयाचे, याचा निर्णय तेरकरांनी व त्यांच्या शेजाऱ्यांनी पुढच्या चैत्राच्या आत करावा.