स्वस्तातली भीती इतकी का चालते? हॉरर सिनेमाचं गणित आणि राईनपाड्याचा धडा

एक घर, चार-पाच कलाकार, हलणारा कॅमेरा आणि भरपूर अंधार. एवढ्या भांडवलावर सिनेमा चालेल का? प्रेमकथा किंवा अॅक्शनपट असेल तर कठीण आहे. हॉरर असेल तर मात्र चालतो, आणि कधीकधी मोठ्या स्टारच्या सिनेमापेक्षा जास्त चालतो.

ताजं उदाहरण खानदेशच्या शेजारचंच आहे. 2023 मध्ये 'वश' नावाचा गुजराती सिनेमा आला. एक अनोळखी माणूस एका कुटुंबातल्या मुलीला वश करतो आणि मग त्यांच्या घरात ठाण मांडून बसतो, एवढीच गोष्ट. हिंदीवाल्यांना ती इतकी आवडली की अजय देवगण आणि आर. माधवन यांना घेऊन 2024 मध्ये 'शैतान' आला. पुढे 'वश'ला सर्वोत्कृष्ट गुजराती चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि 2025 मध्ये दुसरा भागही आला. मराठी मातीतली मुंज्याची गोष्ट सांगणाऱ्या 'मुंज्या'नंही 2024 मध्ये मोठ्या स्टारशिवाय 100 कोटींचा टप्पा पार केला.

मग प्रश्न असा, की भीती विकायला पैसा का लागत नाही?

न दाखवण्याचे पैसे पडत नाहीत

मारामारी दाखवायची तर गाड्या उडवाव्या लागतात. भीतीचं उलट असतं. जे दिसत नाही, त्यालाच माणूस जास्त घाबरतो. बंद दारामागचा आवाज, आपोआप हललेला पडदा, विझलेला दिवा. उरलेलं भूत प्रेक्षक स्वतःच्या डोक्यात तयार करतो, आणि ते फुकट असतं.

दुसरं कारण म्हणजे अनोळखी चेहरे. पडद्यावर मोठा हिरो असला की तो शेवटपर्यंत मरणार नाही, हे प्रेक्षकाला माहीत असतं. नवख्या कलाकाराबद्दल अशी खात्री नसते. म्हणजे पैशाची कमतरता इथं दोष ठरत नाही, उलट कामाला येते.

याचं जगातलं गाजलेलं उदाहरण म्हणजे 'पॅरानॉर्मल अॅक्टिव्हिटी'. दिग्दर्शक ओरेन पेली यांनी तो स्वतःच्याच घरात, साधारण 15 हजार डॉलरमध्ये शूट केला. जगभरात त्यानं 19 कोटी डॉलरहून जास्त कमाई केली.

रामसे बंधू आणि भुसावळचं कनेक्शन

आपल्याकडे हे गणित सगळ्यात आधी ओळखलं ते रामसे बंधूंनी. 1972 चा 'दो गज जमीन के नीचे' त्यांनी महाबळेश्वरला, अख्खं युनिट एकत्र नेऊन, अगदी कमी खर्चात उरकला. पुढे 'पुराना मंदिर' (1984), 'वीराना' (1988) आणि 'बंद दरवाजा' (1990) आले. समीक्षकांनी नाकं मुरडली, पण रामसेंचा धंदा समीक्षकांवर चालत नव्हता. त्यांचा प्रेक्षक छोट्या शहरांतल्या टॉकीजमध्ये आणि जत्रेतल्या तंबूत बसलेला होता.

या छोट्या शहरांच्या बाजाराचं एक केंद्र खानदेशात आहे, हे अनेकांना माहीत नसतं. हिंदी सिनेमाचा धंदा वेगवेगळ्या 'सर्किट'मध्ये वाटलेला असतो. त्यातल्या मध्य भारताच्या पट्ट्यातील वितरक आणि थिएटरवाल्यांची मोठी संघटना म्हणजे सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन. तिचं मुख्य कार्यालय मुंबईत नाही, तर जळगाव जिल्ह्यातल्या भुसावळमध्ये आहे. भुसावळ मोठं रेल्वे जंक्शन आणि रिळांच्या पेट्या तेव्हा रेल्वेनं फिरायच्या, हे लक्षात घेतलं की ही निवड समजते.

थोडक्यात, स्वस्त हॉरर सिनेमा मोठा केला तो छोट्या गावांनी.

'हे खरंखुरं घडलंय'

1999 मध्ये 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' आला आणि या धंद्यानं वेगळं वळण घेतलं. जंगलात हरवलेल्या तीन तरुणांच्या कॅमेऱ्यात सापडलेलं हे चित्रण आहे, असं भासवून त्याची जाहिरात झाली. वेबसाइट बनवली, बेपत्ता असल्याची पोस्टर वाटली. हे खरं आहे असंच अनेक प्रेक्षकांना वाटलं. हलणारा, धूसर कॅमेरा हा तोवर कमी बजेटचा दोष होता. आता तोच पुरावा वाटायला लागला.

तरी थिएटरात एक करार असतो. तिकीट काढणाऱ्याला माहीत असतं की दोन तासांनी दिवे लागणार, नावांची पाटी येणार आणि बाहेर चहाची टपरी उघडी असणार. हॉररची मजा याच करारात आहे. माणूस सुरक्षित जागी बसून घाबरण्याची हौस भागवतो आणि घरी जातो. त्यात वाईट काहीच नाही.

अडचण सुरू होते ती हा करार नसतो तेव्हा.

फोनवर तिकीट नसतं

फॉरवर्ड होऊन आलेल्या क्लिपला सुरुवात नसते, शेवट नसतो, कलाकारांची नावंही नसतात. बाकी साहित्य मात्र तेच असतं: हलणारा कॅमेरा, अंधार, किंकाळी. कुठल्याही अंधाऱ्या रस्त्याच्या व्हिडिओवर 'काल रात्री कन्नड घाटात' एवढं लिहिलं की चाळीसगावच्या माणसाला तो आपल्या दारातला वाटतो. 'आंबोली घाट' लिहिलं की सावंतवाडीच्या माणसाला.

2018 मध्ये देशभर मुलं पळवणाऱ्या टोळीचे व्हिडिओ फिरत होते. त्यातला एक गाजलेला व्हिडिओ मुळात पाकिस्तानातल्या कराचीमधली, बालसुरक्षेसाठी केलेली जनजागृतीची फिल्म होती. त्यात शेवटी मुलाला परत आणून सोडतात आणि संदेश दिला जातो. कुणीतरी तो शेवट कापला. उरली फक्त भीती.

1 जुलै 2018 ला, रविवारी, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात आठवडी बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातली पाच माणसं भिक्षा मागायला तिथं आली होती. ही मुलं पळवणारी टोळी आहे, असा संशय पसरला. जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारलं. पाचही जणांचा जीव गेला.

त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं झुंडबळी रोखण्यासाठी सरकारांना निर्देश दिले. व्हॉट्सअॅपनं 'फॉरवर्डेड' ही खूण आणली आणि भारतात एका वेळी पाचच चॅटना मेसेज पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. आज फोनवर ती खूण दिसते, तिच्यामागं अशा घटना आहेत.

भीती कुणाला शोधते?

सिनेमातलं भूत शेवटच्या रिळात जळून जातं आणि गोष्ट मिटते. गावात पसरलेल्या भीतीला असा शेवट नसतो, म्हणून ती कुणाला तरी धरते. आणि धरते ती गावातल्या बलदंड माणसाला नाही. राईनपाड्यात ती परक्या, गरीब, भटक्या माणसांवर गेली. सातपुड्याच्या पट्ट्यात 'डाकीण' म्हणून बोट दाखवलं जातं ते बहुतेकदा एखाद्या एकट्या, आधार नसलेल्या बाईकडे. म्हणूनच महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात एखाद्याला करणी करणारा किंवा सैतान ठरवून छळणं हा गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी या कायद्यासाठी अनेक वर्षं लढा दिला आणि त्यांच्या खुनानंतर काही दिवसांतच सरकारनं वटहुकूम काढला.

आता तर व्हिडिओ बनवायला घर, कॅमेरा किंवा कलाकारही लागत नाहीत. 2025 च्या अखेरीस महाराष्ट्रात बिबट्याचे एआयनं बनवलेले व्हिडिओ इतके फिरले की ते खोटे असल्याचं वनविभागाला सांगावं लागलं. भीती तयार करण्याचा खर्च शून्याकडे आलाय. तिची किंमत मात्र अजून तेवढीच आहे.

म्हणून हॉरर सिनेमे बघणं सोडायची गरज नाही. उलट ज्यानं चार हॉरर सिनेमे नीट पाहिलेत, त्याला अशी क्लिप लवकर ओळखू यायला हवी. कॅमेरा नेमक्या क्षणी तिथं कसा होता? किंकाळीच्या आधी संगीत कुठून आलं? जागा आणि तारीख कोण सांगतंय? याची उत्तरं नसतील तर ती क्लिप फॉरवर्ड करू नये. आणि गावात कुणाला खरंच अडवलं असेल, तर मोबाइल काढायचा तो शूटिंगसाठी नाही, 112 ला फोन लावण्यासाठी.